मोशीला व्हॉलंटियर म्हणून चाललेय, किलीमांजारोच्या पायथ्याची कॉफीची बाग बघायला कसं जावं?

रानवारा

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये सहा आठवडे टांझानियाला चाललेय, मोशी गावात, किलीमांजारोच्या अगदी पायथ्याशी. तिथल्या एका प्राथमिक शाळेत गणिताच्या तासांना मदत करायची आहे. मी नाशिकला चौथी-पाचवीला गणितच शिकवते त्यामुळे त्याची फारशी काळजी नाही. प्रश्न आहे तो सुट्टीच्या दिवसांचा. संस्थेने जो कार्यक्रम पाठवलाय त्यात दुसऱ्या शनिवारी 'कॉफी टूर' लिहिलंय, त्याचे पैसे वेगळे, एका मोठ्या इस्टेटीत गाडीने नेणार, जेवण देणार आणि संध्याकाळी परत आणून सोडणार. बघायला मला नक्की आवडेल, पण वाचताना असं वाटलं की ही सगळी सोय आमच्यासारख्यांनी फोटो काढावेत म्हणूनच केलेली असेल तर खऱ्या शेतकऱ्याचं घर, त्याची बाग, त्याचं काम यातलं काहीच दिसायचं नाही.

माझ्या मनात असं आहे की कुणातरी छोट्या शेतकऱ्याकडे दोन दिवस जावं आणि तोडणीला हात लावावा. ऑगस्टमध्ये तोडणी चालू असते असं कळलंय, मग आपण मदतीलाच चाललोय तर तिथेही मदत का नको? हे बरोबर आहे का? कुणी गेलं असेल तर अगदी तपशिलात सांगा. मी शाकाहारी आहे, तेही लक्षात घ्या. आणि आईने सांगून ठेवलंय की येताना कॉफीच्या थोड्या बिया आण, अंगणात लावू. ते चालतं का?

पाऊलवाट

रानवारा ताई, नक्की जा, आणि शक्य असेल तर छोट्या शेतकऱ्याकडेच जा. फक्त तोडणीला मदत करायची हा विचार जरा बाजूला ठेवा. का ते सांगते, पण आधी माझा दिवस कसा गेला ते सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

मी दोन वर्षांपूर्वी मोशीत पाच आठवडे होते, एका दवाखान्यात. तिथल्या एका नर्सचं माहेर वर डोंगराच्या उतारावर, उरू नावाचा भाग आहे तिकडे. ती म्हणाली माझ्या आईची कॉफी आहे, ये बघायला, 'सा म्बिली' ला ये. म्बिली म्हणजे तिथल्या स्वाहिली भाषेत दोन, एवढं मला शिकवलेलं होतं. मी दुपारी दोनला पोचले. तिथे घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात, सकाळी सातला ते 'एक वाजला' म्हणतात, त्यामुळे त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. ती आजी आठ वाजल्यापासून माझी वाट बघत होती. पहाटे उठून तिने एक बादलीभर फळं तोडून ठेवली होती, मला साल काढायचं मशीन चालवून दाखवायचं म्हणून, आणि तोडलेलं फळ त्याच दिवशी सोलावं लागतं नाहीतर ते आतल्या आत आंबायला लागतं आणि बी खराब होते, एवढंही मला तेव्हा माहीत नव्हतं. ती एका शब्दाने बोलली नाही, जेवण परत गरम केलं आणि मग कामाला लागलो. मला अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणून पहिली गोष्ट, वेळ ठरवताना 'सकाळी की दुपारी' ते विचारून घ्या. सकाळ म्हणजे 'असुबुही'.

आता बाग. बाग म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर रांगेत लावलेली झाडं येतात ना, तसं तिथे काहीच दिसत नाही. आधी केळी दिसतात. उंच दाट केळी, त्यांच्या सावलीत कॉफी, कॉफीच्या खाली अळूसारखी पानं, मधूनमधून मोठी जुनी झाडं, आणि या सगळ्याच्या मधोमध घर, गोठ्यात बांधलेली गाय आणि चार बकऱ्या. गाईला केळीची पानं नि खुंट घालायचे आणि तिचं शेण परत केळी-कॉफीला. याला तिथले चागा लोक 'किहांबा' म्हणतात. ही जमीन बापाकडून मुलाकडे येते, आणि घरातल्या माणसांना त्याच बागेत पुरतात. आजीने मला तिच्या नवऱ्याची जागा दाखवली, केळीखाली, बाजूने एक हिरव्या लांब पानांचं झाड लावलेलं. त्या झाडाचं नाव 'मसाले'! ऐकून मी चमकले, पण त्याचा आपल्या मसाल्याशी काही संबंध नाही. बांधावर हेच झाड लावतात, आणि कुणाशी भांडण झालं, माफी मागायची असली की याचं पान घेऊन जायचं आणि पान घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, अशी रीत. कॉफी बघायला गेले होते पण मला आधी हे आठवतं.

मग फळं. लाल झालेलं फळ बोटाने दाबलं की बी सुळकन बाहेर येते, अंगावर गोडसर बुळबुळीत गर असतो, चोखून बघा, कॉफीची अजिबात चव लागत नाही. एका फळात समोरासमोर चिकटलेल्या दोन बिया, शेंगदाण्याच्या दोन डाळिंब्या असतात तशा. साल काढायचं मशीन हाताने फिरवायचं, वरून फळं टाकायची, एका बाजूने साल आणि दुसऱ्या बाजूने चिकट बिया. त्या एक-दीड दिवस आंबत ठेवायच्या म्हणजे तो गर सुटतो, मग भरपूर पाण्यात धुवायच्या, मग जाळीच्या मांडवावर आठ-पंधरा दिवस वाळवायच्या, दिवसातून किती वेळा हात फिरवायचा, पावसाची सर आली की झाकायच्या. आजी बिया चिमटीत घेऊन त्यांचा आवाज ऐकून सांगत होती की या अजून ओल्या आहेत.

आणि मग उखळ आणि मुसळ. अगदी आपलंच. आधी वाळवून ठेवलेल्या बिया उखळात घातल्या, दोघी जणींनी आळीपाळीने मुसळ घातलं, तोंडाने गाणं चालू, गाण्याच्या ठेक्यावर घाव. मग सुपात घेऊन पाखडल्या. मी म्हटलं द्या इकडे, आणि पाखडून दाखवल्या, लहानपणी आजीकडे तांदूळ पाखडायची सवय होती. घरातल्या सगळ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांनी कधी पाहुण्याला पाखडता येताना बघितलं नव्हतं. ते टोपलीसारखं सूप, त्याला 'उंगो' म्हणतात. त्यानंतर तीन दगडांच्या चुलीवर मातीच्या भांड्यात भाजणं. पहिल्यांदा ओल्या गवतासारखा वास येतो, मग भाजलेल्या वाटाण्यासारखा, मग एकदम तडतड सुरू होते आणि मग तो वास येतो ज्याला आपण कॉफी म्हणतो. परत उखळात कुटून, चाळून, उकळत्या पाण्यात. दूध नाही. मी कोरी कॉफी कधी पीत नव्हते, ती दोन कप प्यायले.

आता तोडणीचं. मी पण म्हणाले होते की मी तोडते. तासभर तोडली. हिरवट-पिवळी फळं पण तोडली आणि देठाला पुढच्या वर्षीचा डोळा असतो तो दोन-तीन ठिकाणी मोडला. आजीची नात माझ्या बादलीतून एकेक कच्चं फळ वेचून बाजूला काढत बसली, म्हणजे माझ्या एका तासासाठी तिचा अर्धा तास गेला. त्या लोकांना आपल्या हातांची गरज नाही हो. पाहुणी म्हणून जा, शिकायला म्हणून जा, दिवसाचे पैसे आधी ठरवून नीट द्या आणि कॉफी त्यांच्याकडून विकत घ्या. त्यांना त्याचाच उपयोग आहे. मी त्या दिवसाचे जे पैसे दिले ते थेट आजीच्या हातात गेले, आणि तिने माझ्यासमोर मोजून पदराच्या गाठीत बांधतात तसे कांग्याच्या, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात त्या कापडाच्या, टोकाला बांधले.

दारेसलामकर

वरचं सगळं वाचून फार बरं वाटलं. मी ११ वर्षं टांझानियात नोकरीला होतो, त्यातली तीन अरुशाला, त्यामुळे मोशीला येणं-जाणं भरपूर. थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे बघताना नुसती झाडं दिसणार नाहीत.

किलीमांजारोवर कॉफी आणली कॅथलिक मिशनऱ्यांनी, किलेमाच्या मिशनमध्ये, १८९८ च्या सुमारास. नंतर गोऱ्या मळेवाल्यांनी मोठ्या इस्टेटी केल्या आणि चागा लोकांनी आपल्या केळीत कॉफी लावायला सुरुवात केली तेव्हा त्यातल्या बऱ्याच गोऱ्यांनी विरोध केला. म्हणायचे की यांच्या झाडांचे रोग आमच्या झाडांना लागतील. खरी भीती ही होती की स्वतःची कॉफी असलेला माणूस आमच्या मळ्यात मजुरीला कशाला येईल. त्यातून १९२५ मध्ये चागा शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली आणि १९३३ मध्ये तिची सहकारी युनियन झाली, केएनसीयू. आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्या सहकारी संस्थांपैकी एक. आपल्या साखर कारखान्यासारखंच गणित आहे बघा, गावची सोसायटी माल गोळा करते, पहिली उचल देते, आणि मोशीला लिलाव झाल्यावर भाव मिळेल तसा दुसरा हप्ता. त्यातली भांडणंही तशीच, उशिरा हप्ता, वजन, कापून घेतलेले पैसे. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस तिथल्या सोसायटीच्या ओट्यावर बसला तर भाषा न कळताही विषय कळेल. आज देशातली ९० टक्क्यांच्या आसपास कॉफी अशा छोट्या शेतकऱ्यांचीच आहे, मोठ्या इस्टेटीचा वाटा कमी.

त्यामुळे ताई, तुमची शंका बरोबर आहे, फक्त इस्टेट बघून आलात तर टांझानियाची कॉफी बघितली असं म्हणता येणार नाही. मात्र इस्टेटीची टूर वाईटच असं मी म्हणणार नाही. तिथे ओळीने लावलेली झाडं, ठिबक, मोठी यंत्रं, प्रतवारी, कॉफीची चव घेणारी माणसं हे सगळं दिसतं, आणि ते पण खरंच आहे. दोन्ही जमलं तर दोन्ही करा, आधी गाव मग इस्टेट.

तिथे गेल्यावर हे पण विचारा की घरातली तरुण मुलं कुठे आहेत. बहुतेक घरात उत्तर मिळेल, दार-एस-सलामला. किहांबा प्रत्येक पिढीला वाटला जातो, आता एकेका घराकडे एकर-दीड एकर पण नसतो. १९८९ मध्ये कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडला, भाव कोसळले, त्यानंतर कितीतरी लोकांनी कॉफीकडे दुर्लक्ष केलं, टोमॅटो लावले, केळी विकायला लागले. बायकांच्या हातात केळीचे पैसे येतात, कॉफीचे पैसे परंपरेने पुरुषाच्या हातात, हे पण बघण्यासारखं आहे. पाऊलवाट यांनी लिहिलेल्या आजीच्या हातात थेट पैसे गेले, ही साधी गोष्ट नाही.

आता व्यवहाराचं, थोडक्यात पण महत्त्वाचं. टुरिस्ट व्हिसावर जाऊन शाळेत काम करणं तिथे चालत नाही, पगार नसला तरी नाही. त्याला वेगळं परमिट लागतं, 'क्लास सी' म्हणतात, आणि ते कोण काढणार हे संस्थेकडून आत्ताच लेखी घ्या. माझ्या ओळखीच्या एका मुलीला संस्थेने सांगितलं होतं की काही लागत नाही, आणि तिला तिसऱ्या आठवड्यात इमिग्रेशनच्या ऑफिसात बसून रडायची वेळ आली. दुसरं, नैरोबीमार्गे जाणार असाल किंवा मधे केनियात फिरणार असाल तर पिवळ्या तापाची लस घ्या आणि ते पिवळं कार्ड जवळ ठेवा, कारण परत येताना भारतातच विचारतात, आणि लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, मोशीत मलेरिया आहे. तिसरं, प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१९ पासून बंदी आहे, सामान कापडी पिशव्यांत भरा. आणि शाळेचं म्हणाल तर सरकारी प्राथमिक शाळेत शिकवणं स्वाहिलीत असतं, म्हणजे आकडे तरी पाठ करून जा. मोजा, म्बिली, टाटू, न्ने, टानो.

शाकाहाराची अजिबात चिंता नको. वली-महारागे म्हणजे भात आणि राजमा, सगळीकडे मिळतो. चपातीला चपातीच म्हणतात. म्चिचा म्हणजे आपल्या माठाची भाजी, कधीकधी नारळाच्या दुधात. फक्त चागांच्या घरी 'म्टोरी' दिली तर विचारा, केळ्याचं दाट सूप असतं आणि त्यात बहुतेक वेळा मांस असतं. आणि 'म्बेगे' ही केळी आणि नाचणीची दारू, पाहुण्याला देतात, नको असेल तर हात जोडून नको म्हटलं तरी कुणी रागवत नाही.

नात्यांचे शब्द मात्र जपून. तिथे 'मामा' म्हणजे आई, 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ! तुम्हालाही कुणी दादा म्हटलं तर दचकू नका. मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. हा एक शब्द नीट म्हटलात की वरच्या गावात कुठलंही दार उघडतं.

रानवारा

बापरे, केवढं लिहिलंत दोघांनी, मनापासून आभार. व्हिसाचं मी विचारलंच नव्हतं, संस्थेला आजच मेल केली.

तोडणीचं पटलं. देठाच्या डोळ्याचं वाचून तर वाईटच वाटलं, आमच्या घरी द्राक्षं आहेत, काडीवरचा डोळा मोडला की बाबा दिवसभर बोलत नाहीत. म्हणजे हे मला आधीच कळायला हवं होतं. मग अजून दोन प्रश्न. एक, ओळख नसताना असं घर शोधायचं कसं? आणि दोन, त्यांना काय विचारावं, झाडाकडे बघून मला काय कळायला हवं? बिया आणायचं पण राहिलं.

मेळघाटी

बियांचं मी सांगतो कारण हे वाचून राहवलं नाही. ताई, कृपा करून बिया आणू नका. फळ नको, हिरवी बी नको, रोप तर नकोच नको.

आमची चिखलदऱ्याला थोडी कॉफी आहे. बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की महाराष्ट्रात कॉफी होते, पण इंग्रजांच्या काळापासून चिखलदऱ्याला आहे, मोठी नाही पण आहे. मी स्वतः चार वर्षं चिकमगळूरला एका इस्टेटीत काम शिकायला होतो. आफ्रिकेत कॉफीच्या फळावर एक बुरशीचा रोग आहे, त्याला सीबीडी म्हणतात. हिरव्या कोवळ्या फळावर काळे खोलगट डाग पडतात आणि फळ वाळून काळं होतं. तो रोग आपल्या देशात अजून नाही. नाही तो नाहीच राहिला पाहिजे. तांबेरा असाच पसरत पसरत १८६९ मध्ये श्रीलंकेत दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथली कॉफी बसली, लोकांनी चहा लावला. म्हणून प्लांट क्वारंटाइनचा कायदा आहे, परवान्याशिवाय बी-रोप आणता येत नाही. भाजलेली कॉफी घरापुरती आणा, त्याला काही अडचण नाही. आणि बागेत घातलेले बूट परत निघायच्या आधी ब्रशने घासून धुऊन वाळवून आणा, तळव्याला माती राहू देऊ नका. आईंना लावायचंच असेल तर चिकमगळूर किंवा कुर्गच्या नर्सरीतून रोप मागवा, नाशिकच्या उन्हाळ्यात सावलीत ठेवावं लागेल.

आता झाडाकडे काय बघायचं. पान उलटं करा. मागच्या बाजूला नारिंगी पावडर असेल तर तांबेरा, गव्हावर येतो त्यासारखाच पण जात वेगळी. फळावर काळा डाग असेल तर वर म्हटला तो सीबीडी. खोडाशी भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा. यातलं काही दिसलं तर शेतकऱ्याला विचारा की फवारता का आणि फवारणीचे पैसे कुठून आणता. मोशीजवळ ल्यामुंगूला कॉफीचं संशोधन केंद्र आहे, १९३० च्या दशकापासूनचं जुनं ठिकाण, आणि आता त्यांनी या दोन रोगांना टिकणारी रोपं काढलीत. म्हणून विचारा, ही जुनी झाडं आहेत का नवी रोपं? जुन्या झाडाची चव चांगली म्हणून म्हातारी माणसं ती तोडायला तयार नसतात, आमच्याकडेही तेच. माझ्या वडिलांनी वाळकी होत आलेली झाडं चार वर्षं ठेवली होती.

सावलीची झाडं बघा. तुम्हाला सिल्व्हर ओक दिसेल, तेच झाड चिकमगळूरला पण आहे, मिरीचे वेल चढवलेलं. तिथे वेल नसेल. पाणी कुठून येतं ते विचारा. चागा लोकांनी डोंगरातून पाट काढून आणलेत, शेकडो वर्षांपासून, त्याला 'म्फोंगो' म्हणतात, पाळीपाळीने पाणी सोडतात. खानदेशातली फड पद्धत ज्यांनी बघितलीय त्यांना हे लगेच कळेल. पाटाच्या कडेने चालायला मिळालं तर चाला, बागेपेक्षा मी तेच आधी बघितलं असतं.

आणि हा एक हिशोब डोक्यात ठेवा. साधारण सहा किलो लाल फळं तोडली तर एक किलो हिरवी बी मिळते, भाजल्यावर त्यातली पंधरा-वीस टक्के वजनात घटते. म्हणजे तुम्ही अर्धा किलो भाजलेली कॉफी घेतली तर साडेतीन-चार किलो फळं कुणीतरी एकेक करून वेचलीत. पैसे देताना घासाघीस करायची वेळ आली की हे आठवा.

सावलीतलं झाड

थोडं कडू बोलते, राग मानू नका. मी नेपाळला अशा ट्रिपला गेले होते, तिथे अनाथाश्रमात. आम्ही दर महिन्याला नवीन यायचो, मुलं लळा लावायची आणि आम्ही निघून जायचो. आता मला वाटतं मी तिथे जायला नको होतं. शाळेचं काम वेगळं आहे आणि तुम्ही शिक्षिकाच आहात म्हणून ठीक. पण कॉफी टूरच्या दिवशी कुणी 'वाटेत अनाथाश्रम पण बघू' म्हणालं तर नाही म्हणा. आणि बागेत काम करणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढून टाकू नका. शेतकऱ्याची मुलं घरच्या शेतात असतातच, आपणही होतो, पण तो फोटो फेसबुकवर गेला की त्याचा अर्थ बदलतो.

पाऊलवाट

सावलीतलं झाड, अगदी बरोबर बोललात, फोटोचं मी लिहायला हवं होतं. मी आजीला विचारून तिच्या हातांचे काढले, भाजलेल्या बिया ओंजळीत धरलेल्या, आणि ते छापून पुढच्या खेपेला जाणाऱ्या मुलीबरोबर पाठवले. आजीने ते भिंतीला लावलेत असं कळलं.

रानवारा ताई, घर शोधायचं म्हणालात तर ज्या शाळेत जाताय तिथल्याच शिक्षकांना विचारा. मोशीत नोकरी करणाऱ्या कितीतरी लोकांचं मूळ घर वर डोंगरात असतं, मारांगू, किबोशो, उरू, माचामे, आणि रविवारी चर्चला ते वर जातातच. पहिल्या आठवड्यात लगेच नको, ओळख होऊ द्या, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विचारा. कुणीच नसेल तर माटेरुनी गावात लोक स्वतः टूर चालवतात, धबधबा आणि कॉफी एकाच दिवसात, तिथे बरेच प्रवासी जातात, पण घर शेतकऱ्याचंच असतं आणि उखळ-मुसळ सगळं आपल्या हाताने करायला देतात. संस्थेतून न जाता थेट गावातल्या माणसाशी बोला आणि विचारा, यातले घरवालीला किती मिळणार? नीट सांगणारा माणूस असेल तर त्याच्याबरोबर जा.

ऑगस्टमध्ये वर थंडी असते, स्वेटर लागेलच, गावं महाबळेश्वरएवढ्या उंचीवर आहेत आणि सकाळी धुकं. किलीमांजारो दिवसा ढगात असतो, पहाटे किंवा संध्याकाळी बघा. जाताना घरी काय न्यावं तर साखर, साबण, चहाची पावडर असं काहीतरी. हो, चहा. घरात पाच पोती कॉफी आणि सकाळी सगळे चहा पितात, त्याला 'चाय'च म्हणतात, कॉफी बहुतेक सगळी विकायलाच जाते. आजीला माझ्याकडचा वेलदोडा घातलेला चहा इतका आवडला की तिने वेलदोडे मागून घेतले. थोडे जास्तच न्या, दळूनच न्या, म्हणजे मेळघाटी भाऊंना काळजी नको.

मेळघाटी

दळलेले चालतील.

रानवारा

संस्थेचं उत्तर आलं. परमिट ते काढणार आहेत, पासपोर्टची प्रत आणि फोटो मागवलेत, दारेसलामकर काका, तुमच्यामुळे वेळेत झालं (इथे काका आपल्या अर्थाने). शनिवारच्या इस्टेट टूरमधून मी नाव काढलं. त्याऐवजी शाळेच्या मुख्याध्यापिकांना लिहिलं की तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या घरची कॉफी बघायला मिळेल का, दिवसाचे पैसे देईन आणि दोन किलो कॉफी विकत घेईन. त्यांचं उत्तर आलं की माझ्याच बहिणीकडे ये, सोलायचं मशीन तिच्याकडे आहे, सकाळी 'सा म्बिली' ला निघू.

मी लगेच परत लिहून विचारलं, आपल्या सकाळच्या आठला ना? हो म्हणाल्या. आईला बियांचं सांगितलं, ती म्हणाली मग कुर्गचं रोप मागव, आणि वेलदोडे दळायला घेतलेत.